ईएफ चांगला असूनही कार्डियाक आउटपुट कमी कसा?

आईच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ६० टक्के असताना डॉक्टर हृदय कमी रक्त टाकते असे का म्हणतात आणि हे मोजतात तरी कसे, असे आपण विचारले आहे. कार्डियाक आउटपुट म्हणजे हृदय मिनिटाला किती लिटर रक्त टाकते तो आकडा. ईएफ हे निव्वळ प्रमाण आहे; डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती हिस्सा एका ठोक्यात बाहेर पडला, एवढेच ते सांगते. जवनिकेची भिंत जाड होऊन आत ६० मिलिलिटरच रक्त मावत असेल, तर ६० टक्के म्हणजे ३६ मिलिलिटर, आणि मिनिटाला ८० ठोके धरले तरी जेमतेम २.९ लिटर. उलट, फुगलेल्या हृदयात २०० मिलिलिटर मावत असेल आणि झडप गळत नसेल, तर ३० टक्क्यांतही ४.८ लिटर निघतात.

इकोवर महारोहिणीच्या झडपेखालच्या मार्गाचा व्यास मोजतात आणि एका ठोक्यात रक्त तिथून किती सेंटिमीटर पुढे सरकते ते डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजून) पाहतात. व्यास २ सेंटिमीटर आणि अंतर १८ सेंटिमीटर असेल, तर मार्गाचे क्षेत्रफळ गुणिले अंतर, म्हणजे ठोक्याला सुमारे ५६ मिलिलिटर. मेख अशी की क्षेत्रफळ काढताना व्यासाचा वर्ग होतो. तोच व्यास १.८ वाचला गेला की उत्तर ४६ वर येते, म्हणजे दोन मिलिमीटरच्या फरकाने जवळपास पाचवा हिस्सा गायब!

अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेली रीत निराळी आहे. शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते आणि फुप्फुसातून जाताना रक्ताच्या प्रत्येक लिटरला ५० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो, तर मिनिटाला ५ लिटर रक्त फिरले असलेच पाहिजे. मात्र पुष्कळदा ऑक्सिजनचा वापर प्रत्यक्ष न मोजता कोष्टकातून गृहीत धरतात. आजारी माणसाच्या बाबतीत अशा उत्तरावर मी फारसा विसंबत नाही.

आयसीयूत स्वान-गांझ कॅथेटरमधून (हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुस रोहिणीपर्यंत नेलेल्या बारीक नळीतून) थंड सलाईन सोडून फुप्फुस रोहिणीत तापमान किती आणि किती वेळ उतरते ते पाहतात. प्रवाह जितका मंद, तितका आलेख पसरट. उजव्या बाजूची त्रिदल झडप बरीच गळत असेल, तर हा आकडाही फसवा ठरतो. तेव्हा आईचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, आणि तो शरीराच्या पृष्ठफळाने भागलेला आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण लहानखुऱ्या बांध्याच्या बाईला ४ लिटर पुरेसे असू शकतात.