सशाची मादी व्याली पण पिल्लांजवळ बसतच नाही, गायीचं दूध पाजू का?

गायीचं दूध नका पाजू, मादी दिवसभर दूर बसते म्हणजे तिनं पिल्लं टाकली असं नसते, ती दिवसातून एक-दोनदाच, तेही बहुतेक रात्री नाहीतर पहाटे, चार-पाच मिनिटं पाजून बाजूला होते. आमच्याकडे ससे आहेत, सकाळी आम्ही फक्त पोट पाहतो, टम्म असलं तं पाजलं समजा. पोट खपाटीला, कातडी सुरकुतलेली आन् पिल्लू गार लागलं तं मात्र वाट न पाहता जनावराच्या डॉक्टरला दाखवा. नर आजच वेगळा करा, मादी व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहते. तिनं उपसलेले केस घरट्यातच असू द्या, फक्त आपल्याकडच्या मे महिन्यात थोडे कमी करा आन् पिंजऱ्यावर ओलं पोतं टाका.