पहिल्यांदाच घरी आमसुलं करायची आहेत, कशी सुरुवात करू?

लग्न होऊन मालवणला आलात, परड्यात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड आहे आणि घरात शिकवायला कुणी नाही, म्हणून विचारताय ना? जमेल. फक्त पहिल्या वर्षी दोन किलोच रातांबे घ्या, पाटीभर नको.

लालभडक पिकलेली फळं धुऊन फडक्याने अगदी कोरडी पुसा. चिरून साली वेगळ्या करा. गर बियांसकट चिनीमातीच्या बरणीत घाला आणि त्यात साधारण 200 ग्रॅम जाडं मीठ मिसळा. ॲल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं चालणार नाही, आंबटाने कळकतं.

आता खरं काम. साली दिवसभर कडक उन्हात ठेवायच्या, संध्याकाळी बरणीतल्या गराला सुटलेल्या खारट रसात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. अशी पाच-सहा पुटं द्या. इथे घाई करू नका हो, सगळी चव यातच मुरते. साल रोज थोडी काळपट होत जाते. शेवटी एक दुमडून बघा: चामड्यासारखी वाकली, तुटली नाही, बोटाला ओल लागली नाही, की झालं.

आभाळ आलं तर साली घरात पंख्याखाली पसरा; ओल्या झाकून ठेवल्या तर बुरशी येते. म्हणूनच मे अर्धा सरायच्या आत उरका.

उरलेला रस गाळून बाटलीत भरा, सोलकढीला उपयोगी पडतो. बियाही टाकू नका, धुऊन वाळवा. त्यांचं तेल थंडीत टाचांच्या भेगांना लावतात, ते काढायला शेजारच्या एखाद्या आजीकडून शिकून घ्या.