पुढचं वाक्य कुठं गेलं?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. खानापूरच्या सभेची तुझी बातमी काल रात्री दोनदा वाचली. मथळ्यातलं वाक्य वक्ता बोलला, हे खरं. पण पाठोपाठ तो 'जे काही करायचं ते शांततेनं' असंही म्हणाला. तू पाठवलेल्या वहीच्या फोटोत ती ओळ आहे. बातमीत नाही.

1 मे 1916 रोजी लोकमान्य टिळक आपल्या बेळगावात होमरूलवर बोलले. ते भाषण आणि नंतरची नगरची दोन, यांवर सरकारनं राजद्रोहाचा ठपका ठेवला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं वर्षभर नीट वागण्याच्या हमीसाठी 20 हजारांचा जातमुचलका आणि 10-10 हजारांचे दोन जामीन मागितले. 'केसरी'तल्या लेखांपायी याच माणसाला 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे लक्षात घे. तरीही 9 नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाच्या न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्यं न धरता त्यांनी भाषणं सबंध वाचली, एकूण रोख काय आहे तो पाहिला. ब्रिटिश अमदानीतल्या कोर्टानं बेळगावच्या मराठी भाषणाला दिलेला हा न्याय मला आजही मोठा वाटतो.

मी तुझ्या वयाचा असताना निपाणीजवळच्या एका तंबाखू शेतकऱ्याचं 'गाड्या अडवू' एवढंच मथळ्यात घेतलं. 'पण कुणाला हात लावणार नाही' हे जागेसाठी मीच कापलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पोलीस आले. मी गेलो तेव्हा त्याची बायको अंगणात पानं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढचं वाक्य कुठं गेलं?" मला उत्तर देता आलं नाही.

जागा कमी होती, असं तूही म्हणशील. त्या जागेसाठी पुण्याचा 'सकाळ' सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आहे. पानं किती, त्यावर किंमत किती, हे सरकारनं ठरवून दिलं होतं. 1961 मध्ये कोर्टानं त्या कायद्याचं मुख्य कलमच घटनाबाह्य ठरवलं. लहान पत्रांना आधार द्यायचाय म्हणून दुसऱ्याची पानं किंवा खप कमी करता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

तुला मोबाईलवरच्या पोस्टची भीती वाटते, तेही वाचलं. 2012 मध्ये पालघरला एका पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली आणि ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम 66अ देशभर गाजलं. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. त्या निकालानं चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी वेगळी केली. पहिल्या दोन्ही, कितीही झोंबल्या तरी, मोकळ्या. तुझा वक्ता यातल्या कुठल्या खणात बसतो, हे एका वाक्यावरून कुणाला कळेल?

बातमी दुपारपर्यंत पुन्हा लिहून पाठव. दोन कॉलम जास्तीचे ठेवलेत.