विद्यापीठाचं काम घेताना

विद्यापीठाची वेबसाइट करणार असशील तर आधी मजकूर कुठल्या फॉन्टात येणार ते विचार. परिपत्रकं बऱ्याचदा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात, टाइप केलेली असतात. तशीच चिकटवलीस तर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, बदलून घे आणि रफार, जोडाक्षरं स्वतः तपास. कन्व्हर्टर तिथेच घोळ घालतो. मुक्ता फॉन्ट मोफत आहे, पण दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मजकूर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणाचं गुणोत्तर, किमान ४.५:१ हवा, फिक्या करड्या अक्षरांचा मोह टाळ.

खासगी क्लायंट मात्र ‘लोगो जरा मोठा करा’ म्हणतच राहणार. किती वेळा बदल करून देणार ते कोटेशनमध्येच लिही, निम्मे पैसे आगाऊ घे. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यांच्याच नावावर घ्यायला लाव.