चर्चासत्रातले 'सत्र'

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमपत्रिकेत एकाच वक्त्याच्या भाषणाला चर्चासत्र म्हटले आहे. ते चालेल का? चर्चासत्र आणि परिसंवाद यांत फरक काय? आणि लिहायचे कसे, सत्र की सत्त्र?'

चालणार नाही. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, त्यासाठी व्याख्यान हा भारदस्त शब्द आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली ती वसंत व्याख्यानमालाच. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवर पतंजलीने लिहिलेल्या महाभाष्यात तर व्याख्यान चर्चेपेक्षा वरचे आहे. सूत्रातली पदे नुसती सुटी करून दाखवणे, म्हणजे 'चर्चापदे', हे व्याख्यान नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण म्हणजे उलट उदाहरण, आणि वाक्यात बाहेरून घ्यावे लागणारे शब्द हे सगळे मिळून व्याख्यान होते, असे तो स्पष्ट सांगतो. तेव्हा व्याख्यानाला चर्चासत्र म्हटले की त्याची बढती होते, हा समज डोक्यातून काढून टाकावा.

गेल्या महिन्यात पाणीप्रश्नावरच्या एका 'चर्चासत्रा'ला गेलो होतो. तीन वक्ते, प्रत्येकी पाऊण तास. मग 'वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत' आणि लगेच आभारप्रदर्शन. माझ्या शेजारी बोअरवेलची कामे करणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी कागदावर तीन प्रश्न लिहून आणले होते. तो कागद घडी घालून त्यांनी परत खिशात ठेवला. त्या सभागृहात जमिनीखालचे पाणी स्वतः पाहिलेला बहुधा तो एकच माणूस असेल. याला चर्चासत्र म्हणायचे असेल, तर त्या शब्दातल्या 'सत्र'वर सरळ अन्याय होतो.

सत्र आले सद् या धातूपासून. सद् म्हणजे बसणे. परिषद, संसद, उपनिषद ही सगळी त्याच घरातली. सद्‌ला त्र लागून सत्त्र झाले आणि लिहिताना एक त् गळून सत्र. छद्‌पासून छत्त्र आणि मग छत्र, पत्‌पासून पत्त्र आणि मग पत्र, तसेच हे. पत्र आणि छत्र निमूटपणे लिहिणाऱ्यांनी सत्राकडे मात्र दुसरा त् मागू नये.

'सतां त्राणम्', सज्जनांचे रक्षण करते ते सत्र, अशी व्युत्पत्ती काही पंडित मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ती साफ अमान्य आहे. तिने शब्दाला उपदेश चिकटतो, शब्द उलगडत नाही. बसण्याचा पुरावा वैदिक वाङ्मयात समोर पडलेला आहे. ऐतरेय ब्राह्मणात वाक्य येते: 'ऋषयो वै सरस्वत्यां सत्रमासत'. ऋषी सरस्वतीकाठी सत्राला बसले. क्रियापद आस्, म्हणजे पुन्हा बसणेच!

आणि बसायचे कोणी? इथे हा शब्द खरा खुलतो. सत्र म्हणजे बारा दिवसांचा किंवा त्याहून लांबणारा सोमयाग. गवामयन नावाचे सत्र तर वर्षभर चालायचे. त्यात सतरापासून चोवीसपर्यंत माणसे बसत आणि जो यजमान तोच ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारा तोच आणि पुरोहितही तोच. एरवीच्या यज्ञात एक जण खर्च करणार, बाकीचे काम करून दक्षिणा नेणार. सत्रात दक्षिणाच नाही, कारण कोणी कोणाला द्यायची? कामही सगळ्यांचे आणि फळही सगळ्यांचे. नुसते बघत बसणाऱ्यासाठी त्यात आसनच नाही.

त्या सरस्वतीकाठच्या सत्रातून कवष ऐलूषाला हाकलून दिले होते. दासीपुत्र, जुगारी, आमच्यात कसा बसतो, म्हणून त्याला पाणी नसलेल्या ओसाड जागी नेऊन सोडले. तिथे तहानेने व्याकुळ असताना त्याला सूक्त दिसले आणि सरस्वती त्याच्याकडे धावत गेली. मग ऋषींना त्याला परत बोलवावे लागले. पाण्याचे सूक्त, आणि तेही सत्रातून उठवलेल्या माणसाचे! तो खिशात गेलेला कागद मला म्हणूनच विसरता येत नाही.

महाभारतही सत्रातच सांगितले गेले. नैमिषारण्यात शौनकाचे बारा वर्षांचे सत्र चालू होते, तिथे कथा सांगणारा सौती आला. आल्या आल्या त्याने भाषण सुरू केले नाही. 'काय ऐकायला आवडेल?' असे त्याने आधी विचारले आणि पुढेही शौनक विचारत गेला तसा तो सांगत गेला. माझे ठाम मत आहे की चर्चासत्राचा खरा पूर्वज हाच, मग शब्द घडवणाऱ्याच्या मनात तो असो वा नसो.

'सत्र हे सेशनचे सरकारी भाषांतर आहे, मराठीत बैठक म्हणा' असे बजावणारेही भेटतात. बैठक सुंदर शब्द आहे, जरूर वापरा. पण सेशनच्या मुळाशी असलेले लॅटिन सेदेरे आणि आपले सद् या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचा अर्थ बसणे. भाषांतर करणाऱ्याने इथे नेमकी घरातलीच मुलगी शोधली. सत्र न्यायालय आणि शाळेचे पहिले सत्र हेही त्याच अर्थाने बरोबर आहेत.

परिसंवादाचे राहिले. एक विषय, ठरलेले तीन-चार वक्ते, प्रत्येकाची वेगळी बाजू आणि शेवटी अध्यक्षांचा समारोप, तो परिसंवाद. त्यात वक्त्यांनी एकमेकांना उत्तर द्यायला हवे; समोरच्यांनी बोलणे ऐच्छिक. चर्चासत्रात ते ऐच्छिक नाही. तुमच्या पत्रिकेत वक्ता एक आणि वेळ दीड तास आहे. 'व्याख्यान' असे छापा, आणि शेवटचा अर्धा तास प्रश्नांना ठेवणार असाल तर 'व्याख्यान व प्रश्नोत्तरे'.