बंदुकीच्या घोड्याला वेल्डिंग कुठलं करावं?

जुन्या डबलबारी (दोन नळ्यांच्या) बाराबोर बंदुकीच्या घोड्याचं, म्हणजे हॅमरचं, टोक मोडलंय आणि आर्क वेल्डिंग मारू का गॅस असं विचारताय, तर दोन्ही नको, टिगच करा, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्गॉन वायूत होतं ते वेल्डिंग. आर्कमध्ये एवढ्याशा पार्टवर कंट्रोलच राहत नाही, धार वितळून जाते, आणि गॅसने अख्खा पार्ट लाल होतो म्हणजे खाली घोडा अडकवून ठेवणारा ट्रिगरचा खाचा असेल तर त्याचं हार्डनिंग (कडकपणा) गेलंच समजा, मग तो झिजतो आणि बंदूक आपोआप सुटायची भीती. टिगला १ एमएमचा टंगस्टन, करंट कमी, आर्गॉन, आणि खाच्याच्या बाजूला तांब्याचा जाड तुकडा घट्ट क्लॅम्प करायचा, उष्णता तोच ओढून घेतो. एकदम नाही, टिपका टिपका देत, मध्ये गार होऊ देत. लेझर वेल्डिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं, पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे मोल्ड (साचे) रिपेअरवाल्यांकडे असतं, पण बंदुकीचा पार्ट म्हटल्यावर बरेच जण हातच लावत नाहीत अन् बरोबरच आहे, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे रिपेअरलाही लायसन्स लागतं, म्हणून लायसन्सवाल्या गनस्मिथकडूनच करून घ्या. नळीला मात्र चुकूनही वेल्डिंग नाही.