लघवीनंतर मूत्राशयात किती उरतं, याचे दोन सेंटरचे आकडे वेगळे आले. थ्रीडी यंत्राने खरा आकडा कळेल का?

वडिलांचे नौपाड्यात १८० मिली आणि आठवड्याभराने वाशीला ६० मिली आले, असं तुम्ही लिहिलंय. पण लघवी करून आल्यावर किती वेळाने प्रोब (पोटावर टेकवतात तो यंत्राचा हातातला भाग) लावला, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुतेक रिपोर्टवरही नसतं. माझा राग तिथेच आहे. भरपूर पाणी पाजून माणसाला बाकावर ताटकळत ठेवायचं, अगदी असह्य झालं की बाथरूमला पाठवायचं आणि तो परत येईपर्यंत मध्ये दोन पेशंट उरकायचे. एरवी मूत्रपिंडं मिनिटाला एखादा मिली लघवी करतात. भराभर लिटरभर पाणी प्यायल्यावर हाच वेग मिनिटाला दहा मिलीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पंधरा मिनिटं थांबवलं तर दीडशे मिली नुसते थांबल्यामुळेच जमतात. त्यात प्रमाणाबाहेर ताणलेलं मूत्राशय नीट रिकामंही होत नाही.

साध्या सोनोग्राफीत लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकाराला ०.५२ ने गुणतात. हे सूत्र अंडाकृती आकाराचं. जेमतेम भरलेलं मूत्राशय चपटं, वेडंवाकडं असतं आणि प्रोस्टेट वाढलेली असली की तळातून वर ढकललेलं. तिन्ही मापं दहा-दहा टक्के जास्त धरली तर आकडा ३३ टक्क्यांनी फुगतो. थ्रीडी स्कॅनर आकार गृहीत धरत नाही. काही यंत्रांत प्रोबच्या आतला भाग १५-१५ अंशांनी फिरून १२ छेद घेतो आणि प्रत्येक छेदातली कड शोधून घनफळ काढतो. त्यामुळे हो, थ्रीडी बरं. पण हात नीट हवा.

पेशंटला उताणं झोपवून पोट सैल सोडायला सांगायचं. जेल भरपूर, बुडबुडे नकोत. प्रोब मधल्या रेषेवर, प्युबिक हाडाच्या साधारण एक इंच वर ठेवून किंचित खाली, माकडहाडाच्या दिशेने रोखायचा. यंत्रावर पेशंट बाई की पुरुष हे बटणाने निवडायचं असतं; बाईचं गर्भाशय काढलेलं असेल तर बटण पुरुषाचं दाबायचं. हे निम्म्या ठिकाणी कुणाला सांगितलेलंच नसतं. काळा भाग पडद्यावर मधोमध आणि अख्खा दिसला पाहिजे. कड कापली गेली की आकडा कमी येतो. तीनदा घ्या आणि निशाणा नीट बसलेलेच आकडे धरा.

आता ज्या वादासाठी हे लिहायला बसलो तो. वॉर्डात एका पेशंटला स्कॅनरने ४५० दाखवले, कॅथेटरमधून, म्हणजे लघवीच्या नळीतून, जेमतेम ७० आले. सगळे सिस्टरवर तुटून पडले, कॅथेटर नीट घातला नाही म्हणून. काढला, परत घातला, रक्त आलं. माणसाला लिव्हरच्या आजाराने जलोदर होता! पोटातलं पाणीही यंत्राला काळंच दिसतं. मोठी ओव्हरियन सिस्ट आणि गरोदरपणही असेच फसवतात. यंत्राचा आकडा ब्रह्मवाक्य मानणाऱ्यांना मी आजही हेच ऐकवतो: आधी पोट बघा.

पडताळा फुकटात होतो. लघवीआधी एकदा स्कॅन करा, मग मापाच्या मगात लघवी करायला लावा आणि लगेच, फार तर दहा मिनिटांत, पुन्हा स्कॅन. आधी ३८०, मगात ३१०, तर नंतर ७० च्या आसपास यायला हवेत. फरक मोठा असेल तर आकडा फेकून द्या. नेहमीसारखी लघवी लागल्यावरच वडिलांना न्या, आणि मापाचा मगही घरूनच न्या.

एक राहिलं: ५० मिलीच्या आत उरत असेल तर सहसा चिंता नसते, २०० च्या वर वारंवार उरत असेल तर युरॉलॉजिस्टने बघायला हवं. मधल्या एकुलत्या एका आकड्यावर ऑपरेशन ठरवू नका. आणि लघवी पूर्ण अडून ओटीपोट दुखत असेल तर थ्रीडी यंत्र कुठे आहे ते शोधत बसू नका, जवळच्या कॅज्युअल्टीत न्या.